शो जंपिंग की इव्हेंटिंग?

साताऱ्यातल्या एका मित्राची मुलगी घोड्यावर बऱ्यापैकी तयार झालीय. आता पुढे काय धरायचं, यावर घरात खल चालू आहे. ‘ऑलिंपिकला नेऊ’ म्हणणाऱ्या जाहिराती बाजूला ठेवूनच बोलतो.

शो जंपिंग म्हणजे आखीव मैदान आणि घोड्याने उडी मारून ओलांडायच्या रंगीत दांड्या. दांडी पडली की ४ दोष, म्हणजे दंडाचे गुण, घोडा पहिल्यांदा अडला तरी ४. पहिल्या नंबरासाठी बरोबरी झाली, तर बहुधा घड्याळ लावून जंप-ऑफ, म्हणजे निकालासाठी आणखी एक फेरी. मोठ्या स्पर्धांत उंची १.६० मीटरच्या आसपास जाते, पण दांडी ठोकरीने पडते, हा दिलासा.

इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज (घोड्याच्या ठरवून दिलेल्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) आणि जंपिंग, तिन्ही एकाच घोड्यावर. क्रॉस-कंट्रीतले अडथळे बुटके, पण ओंडका सहसा जागचा हलत नाही. पहिल्यांदा अडलं की थेट २० दोष. चढ, उतार, पाणी, खंदक सगळं त्यात. आपली माळरानं बघून मोह होईल, पण मुरमाड, दगडाळ रानात घोडा दौडवू नका. पाय गेले तर घोडाच गेला. भारताचा घोडेस्वार फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकला गेला तो इव्हेंटिंगमध्येच.

खर्च? घोडा दोन्हीकडे महागच. इव्हेंटिंगला वर छाती-पाठीचं संरक्षक जाकीट आणि तीन प्रकारांची शिकवणी.

आठवड्यातून मोजकाच वेळ आणि एकच मैदान हाताशी असेल, तर शो जंपिंग. रोज तासन्‌तास देणारी, पडायची तयारी असलेली पोर आणि जवळ अनुभवी उस्ताद असेल, तरच इव्हेंटिंग. या मुलीची बारावी आहे, तेव्हा सध्या दांड्याच बऱ्या.