डीजीटी ३०००: स्पर्धेच्या टेबलावर कसं आहे?

बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी घड्याळं घेणार असाल तर डीजीटी ३००० बिनधास्त घ्या, पण टाइम कंट्रोल (डावाला किती वेळ द्यायचा ते) आधी ठरवा. यात २५ तयार पर्याय आहेत आणि स्वतःचे ५ साठवता येतात. संयोजकाला खरा उपयोग या ५ जागांचा.

वेळेचा हिशेब फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) ६० खेळ्या धरून करते. १५+१० (१५ मिनिटं आणि दर खेळीला १० सेकंदांची भर) म्हणजे प्रत्येकी २५ मिनिटं, दोघांची ५०. पण डाव ९० खेळ्या चालला तर पूर्ण तास लागतो. म्हणून फेऱ्यांमध्ये ७५ मिनिटं ठेवा; तासाला फेरी लावली की एक लांबलेला डाव पुढचं सगळं वेळापत्रक ढकलतो. २५+० मध्ये डाव ५० मिनिटांपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे संयोजकांना त्याचा मोह पडतो. मात्र हत्तीविरुद्ध हत्ती अशी सरळ बरोबरीची स्थितीही केवळ फ्लॅग पाडण्यासाठी (प्रतिस्पर्ध्याची वेळ संपवण्यासाठी) खेळली जाते आणि पंचांची डोकेदुखी वाढते. १५+१० च बरा.

३+२ लावल्यावर पडद्यावर ३:०२ दिसतं. ते बरोबर आहे, पहिल्या खेळीचे दोन सेकंद आधीच मिळतात. मदतनिसांना हे सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी ते ‘दुरुस्त’ करतो.

खरी फसगत दोन टप्प्यांच्या कंट्रोलमध्ये होते: ४० खेळ्यांना ९० मिनिटं, मग ३० मिनिटं आणि पहिल्या खेळीपासून ३० सेकंदांची भर. घड्याळ खेळ्या मोजतं म्हणजे ते किती वेळा दाबलं ते मोजतं. एकदा दाबायला विसरलं किंवा चुकून जास्त दाबलं, की आकडा बिघडतो आणि ज्यादा वेळ भलत्या खेळीला मिळतो. पहिला टप्पा शून्यावर आल्यावरच वेळ वाढवणारी सेटिंग निवडा. त्यात शून्य बघून खेळाडू दचकतात खरे, पण ४० खेळ्या झाल्या की नाही हे पंचांनी स्कोअरशीटवरून (खेळाडूंनी खेळ्या लिहिलेल्या कागदावरून) ठरवायचं असतं, घड्याळावरून नाही. ३० सेकंदांची भर असल्यामुळे शेवटपर्यंत खेळ्या लिहिणं बंधनकारकच आहे.

अवैध खेळीनंतर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं (ब्लिट्झ म्हणजे अतिजलद डावात १) द्यायची असतात. घड्याळ थांबवा, मधलं बटण तीन सेकंद दाबून धरा, आकडे लुकलुकले की बदला. स्पर्धेआधी पंचांनी याचा सराव करावा, कारण घाईत नेमकी दुसऱ्याच बाजूची वेळ वाढते.

याच कंपनीच्या डीजीटी २०१० या घड्याळात सेकंद शेवटच्या २० मिनिटांतच दिसतात, ३००० मध्ये कायम. फरक एवढाच नाही, पण क्लासिकल (लांब वेळेच्या) डावात हाच जाणवतो. ब्रॉनस्टाइन (खेळीला वापरलेला वेळ ठरावीक मर्यादेपर्यंत परत देणारी पद्धत), गो या पटावरच्या खेळाचं ब्यो-योमी (मुख्य वेळ संपल्यावर ठरावीक सेकंदांचे टप्पे), स्क्रॅबल हा शब्दखेळ हेही यात आहे. स्क्रॅबलमध्ये २५ मिनिटं संपल्यावर घड्याळ वर गेलेला वेळ मोजतं, म्हणजे मिनिटामागे १० गुणांचा दंड काढता येतो.

दोन एए सेल लागतात. बॅटरीची खूण दिसली की फेरी सुरू होण्याआधीच सेल बदला.