भुसावळचं जुन्या टायांचं दुकान: माल भारी, पण तारखा स्वतः तपासा

भुसावळला जामनेर रोडच्या बाजूला गल्लीत एक जुन्या सामानाचं दुकान आहे, पाटीबिटी काही नाही, पुढे घड्याळं, कंदील, रेल्वेच्या बत्त्या आणि मागे लोखंडी पेटीत टायांचा हा ढीग. रेल्वेचं जुनं गाव, साहेब लोकांचे आणि अँग्लो इंडियन कुटुंबांचे बंगले रिकामे झाले तसं सामान विकलं गेलं, त्यातलंच हे असं दुकानदार सांगतो, आणि पटण्यासारखंही आहे. मे महिन्यात इथे शर्टाचं वरचं बटण लावायची सोय नाही, तिथे हे लोक टाय कसे घालायचे देव जाणे.

माल खरंच चांगला आहे पण दुकानदाराच्या तारखांवर जाऊ नका. त्याच्यासाठी सगळंच "इंग्रजांच्या टाइमचं हाये भाऊ". एक निळा टाय १९३५ चा म्हणून दाखवला, उलटा केला तर लेबलवर टेरिलीन! आता टेरिलीन म्हणजे पॉलिस्टरच, त्याचा शोधच इंग्लंडमध्ये १९४१ ला लागला आणि अंगावर यायला पन्नासचं दशक उजाडलं. सांगितलं तर म्हणे मग ३६ चा असेल.

म्हणून टेप घेऊन जा आणि सगळ्यात रुंद भाग मोजा. चार-साडेचार इंच, आखूड आणि भडक मोठी नक्षी म्हणजे बहुतेक चाळीसच्या दशकातला, तेव्हा पँट पार पोटावर चढवायचे म्हणून आखूड टाय चालून जायचा. पुढे रुंदी उतरत गेली, साठ येईपर्यंत अडीच इंच, दोन इंच, कधी त्याहूनही बारीक. पण नुसत्या रुंदीवर गेलात तर फसाल, कारण साठच्या शेवटी टाय परत रुंद झाले, ते मात्र लांब असतात आणि त्यात पॉलिस्टर फार. अमेरिकन लेबलवर धाग्याची टक्केवारी छापलेली असेल तर साधारण १९६० नंतरचा धरा, तो कायदाच तेव्हा लागू झाला.

मी एक मरून रेयॉनचा घेतला. मागची शिवण हाताची, बारीक टोकाला आत दोऱ्याचा सैल फास, तो हलकेच ओढला की टाय गोळा होतो आणि सोडला की परत सरळ. कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, तीन तुकड्यांत जोडलेलं, ही पद्धत न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२० च्या दशकात आणली, गाठ सोडल्यावर टाय पिळलेला राहत नाही तो त्यामुळेच.

वाईट म्हणाल तर डांबर गोळ्यांचा वास काही केल्या जात नाही आणि लोकरीच्या टायांना कसर लागलीये, उजेडासमोर धरल्याशिवाय भोकं दिसत नाहीत आणि आत उजेडच नाही. मोबाइलचा टॉर्च लावून बघा, दुकानदार काही बोलत नाही.

भाव दोनशे ते पाचशे. दोन घेतले तर पन्नास सोडतो, पाच घेतले तरी पन्नासच.