तंबू चांगला, रनर भिकार : नदीकाठच्या एका मोसमानंतर

तीन माणसांचा डोम, दोन थरांचा (आतला इनर, त्यावर पावसाचं आवरण म्हणजे फ्लाय), फायबरग्लासच्या दोन काठ्या, फ्लायवर २००० मिमीचा शिक्का, म्हणजे कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचा आकडा. हाच तंबू चार-पाच कंपन्या वेगवेगळ्या रंगांत विकतात, त्यामुळे बाकीची मापं पुन्हा लिहीत नाही. (तीन माणसांचा म्हणजे दोन माणसं आणि त्यांच्या सॅका, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे.) वापर ऑक्टोबर ते मे, बहुतेक कोलाडला कुंडलिकेच्या काठी, थोडा दांडेलीकडे काळी नदीच्या जंगलात. डिसेंबरपर्यंत पाचपैकी साडेचार तारे दिले असते. जानेवारीत इनरच्या दाराची चेन मागून सुटायला लागली आणि थेट दीडवर आलो. आज साडेतीन.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं : चेन वॉरंटीत नाही, रनर (चेन लावणारा सरकता तुकडा) सुटा मिळत नाही, अख्खं इनर बदला, २२०० रुपये. तंबूच ४५०० चा. बिल पाठवा, फोटो पाठवा, आता दुसऱ्या कोनातून पाठवा, आणि शेवटी ‘वापरातली झीज’ असा एका ओळीचा निकाल. झीज आहे हे मान्य, पण झिजलं काय? वीस रुपयांचा रनर. चेनचे दात शाबूत होते.

हे का होतं ते बघा. दार इंग्रजी डी आकाराचं, चेनचा खालचा भाग जमिनीला जवळजवळ टेकलेला. नदीकाठची बारीक रेती नायलॉनच्या दातांत बसते आणि प्रत्येक ओढीला रनर आतून घासते. रनर जस्ताच्या मिश्रधातूचा, म्हणजे मऊ. त्याच्या मागच्या टोकाची फट केसभर रुंदावली की दात एकमेकांत दाबले जात नाहीत. चेन लागल्यासारखी दिसते आणि मागून उघडत जाते. पहिल्यांदा सुटते ती खालच्या वळणावर, कारण तळाचा सगळा ताण तिथेच येतो. तो ताण बऱ्याचदा आपणच देतो : दार उघडं ठेवून खुंट्या ठोकल्या की तंबू त्या मापात ताणला जातो आणि मग उरलेलं अंतर रनरला ओढून आणावं लागतं. दार पूर्ण बंद करूनच चारही कोपरे ठोका.

दुरुस्ती अशी. आधी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन दोन्ही बाजूंचे दात घासा, धुवा, पूर्ण वाळवा. मग रनर चेनच्या उघड्या टोकाला आणून लहान पकडीने त्याचं मागचं टोक, म्हणजे बंद झालेले दात जिथून बाहेर पडतात ते, दाबा. आधी डावी बाजू, मग उजवी, दोन्हीकडे सारखं आणि अगदी थोडं. चेन लावून बघा, गरज पडली तर पुन्हा. एका दमात जोर लावलात तर रनर तडकतो किंवा इतका घट्ट होतो की हलत नाही. या दाबण्यावर काही महिने निघतात, कायमचे नाही.

दुसऱ्यांदा सुटली की रनर बदलाच. बॅगा दुरुस्त करणारा करून देतो, पण त्याच्याकडे जाताना जुना रनर दाखवा. पाठीवर आकडा असतो, या तंबूत ५. शिवाय कॉइल चेनचा (नायलॉनच्या वेटोळ्याचे दात असलेल्या, आपल्या तंबूसारख्या) रनर आणि मोठ्या प्लास्टिक दातांच्या चेनचा रनर एकमेकांना चालत नाहीत, आकडा तोच असला तरी. सगळ्यात महत्त्वाचं : तंबूला दोन्हीकडे पकड असलेला रनर लागतो. बॅगेचा बसवला तर दार बाहेरून लागेल, आतून नाही. चेनच्या टोकाची शिवण उसवायची, रनर काढायचा, नव्यात दोन्ही पट्ट्या समान सरकवायच्या आणि टोकाला आठ-दहा टाके घालून वाट बंद करायची. दाराला दोन रनर असतील तर दोन्ही बदला. नंतर दातांवर साधी मेणबत्ती घासायची. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, त्याला रेती चिकटते आणि पुन्हा तोच खेळ.

आता ‘गळतो’ या तक्रारीबद्दल, कारण या तंबूच्या निम्म्या वाईट परीक्षणांत तेच लिहिलंय. पाऊस नसताना सकाळी आतून पाणी टपकत असेल तर ती गळती नाही, दव आहे. एक माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचा मिळून पाव लिटर पाणी सहज हवेत सोडतो. थंडीत निरभ्र आकाशाखाली फ्लाय आसपासच्या हवेपेक्षाही गार होते आणि ती वाफ तिच्या आतल्या बाजूला जमते. नदीलगत हवेत मुळातच दमटपणा, त्यात गार हवा उतरून खोलगट जागी साचते. तंबू चार-पाच मीटर उंचावर, झाडाच्या छायेत लावला तर फरक लगेच कळतो, फक्त वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नाही ना, ते पाहून घ्या. वरच्या दोन्ही झडपा उघड्या, फ्लायच्या दाराची चेन वरून वीतभर खाली, आणि बाजूचे तणावे बांधायचेच. पुष्कळ जण ते पिशवीतून काढतही नाहीत. तणावे नसले की फ्लाय इनरला चिकटते आणि पाणी थेट आत येतं. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर लहान हवी, नाहीतर फ्लायवरचं पाणी तिच्यावर पडून तळाखाली साचतं.

कोलाडला जागा निवडताना दवापेक्षा मोठी गोष्ट नदीची वेळ. कुंडलिकेत मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं, राफ्टिंग सकाळी होतं ते त्यामुळेच. रात्री कोरडी, सपाट, मोहात पाडणारी रेती सकाळी पात्रात असू शकते. झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि दगडांवरची ओली रेघ बघून त्याच्या बऱ्याच वर जा. सुपा धरणाखाली काळी नदीचंही असंच, आणि दांडेलीला वर मगरी. तिथे पाण्याजवळ तंबू हा विषयच नको. शेकोटीचं म्हणाल तर राखीव जंगलात विस्तव पेटवण्यावर वन कायद्यानेच बंदी आहे. जिथे चालते तिथेही ठिणगी फ्लायला भोक पाडतेच.

सोबत आलेल्या खुंट्या रेतीत कुचकामी. पिशवीत रेती भरून, तिला तणावा बांधून, हातभर खोल पुरली की हलत नाही. काठ्यांनी मात्र आश्चर्याचा धक्का दिला. फायबरग्लास जोडनळीपाशी उभा चिरतो म्हणून त्यांच्याकडून आशाच नव्हती, अजून एकही गेलेली नाही. अट एवढीच : बाहीतून काढताना काठी ओढायची नाही, ढकलायची, आणि घडी मधल्या जोडापासून घालायची, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो.

ओला तंबू पिशवीत कोंबून ठेवलात तर फ्लायवरचा पीयू (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारा) थर चिकट होऊन उबट वास मारायला लागतो, शिवणींवरच्या पट्ट्या सुटतात, आणि तिथून परत फिरणं नाही. सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवून उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली नको.

घ्यायचा का? ४५०० ला, हिवाळ्यापुरता, हो. ६००० मागत असतील तर नाही. दुकानात तंबू उभा करून दाखवायला सांगा, दार बंद करा आणि खालच्या वळणावर बोटांनी दोन्ही पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढून बघा. दात सुटले तर तंबू तिथेच ठेवून या. नाही सुटले तरी दोन्हीकडे पकडीचे दोन रनर आधीच आणून खुंट्यांच्या पिशवीत टाकून ठेवा.