वॉटर्लू टेबलावर: २८ मिमी की ६ मिमी?
नेपोलियनचा पराभव झाला ती १८ जून १८१५ची लढाई छोट्या रंगवलेल्या शिपायांनी टेबलावर खेळायला मांडायची, तर आधी शिपायाची उंची ठरवावी लागते. ओल्ड गार्डचा, म्हणजे नेपोलियनच्या निवडक रक्षकदलाचा, २८ मिमी उंचीचा ग्रेनेडियर शिपाई हातात घेतला की रंगवणारा हरखतो: मिशा, अस्वलाच्या कातड्याची टोपी, बटणं, सगळं ब्रशला सापडतं. पण एकेका शिपायात संध्याकाळ जाते, आणि २४ जणांना शेकडो शिपायांची ‘बटालियन’ म्हणताना जरा लाजच वाटते.

६ मिमीत चेहरा म्हणजे ठिपका. रंग भडकच द्यायचे, नाहीतर हातभर अंतरावरून सगळं मातकट दिसतं. मात्र जेवणाच्या टेबलावर रणांगणाचा अख्खा चढ आणि घोडदळाचा लोंढा मावतो.

मी पूर्ण लढाई ६ मिमीतच खेळेन. रणांगणावरची नुसती ऊगूमाँची वाडी, जिच्यासाठी फ्रेंच दिवसभर झुंजले, असेल तर २८. आत घुसणाऱ्या फ्रेंचांवर वाडीचं फाटक रेटून बंद करणारे ब्रिटिश शिपाई दिसायला हवेत ना!