फ्रेम की एफडीआय? पाणबुडीच्या शोधासाठी दोन फ्रेंच फ्रिगेट

पाणबुडीविरोधी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) निवडताना क्षेपणास्त्रं नंतर मोजा, आधी शाफ्ट, म्हणजे जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा, कशावर फिरतो ते पाहा. आपल्याच इंजिनांचा गोंगाट असेल तर उत्तम सोनारही (ध्वनीवरून पाण्याखाली शोध घेणारं यंत्र) बहिरा होतो.

इथे फ्रेम, म्हणजे 2012 मध्ये फ्रेंच नौदलाला मिळालेल्या ‘अकितेन’चा वर्ग, सरळ पुढे आहे. लांबी 142 मीटर, वजन सुमारे 6,000 टन. 32 मेगावॅटचं गॅस टर्बाइन वेगासाठी. शोध घेताना ते बंद असतं आणि दोन विद्युत मोटारी शाफ्ट फिरवतात. त्यांना वीज देणारे डिझेल जनरेटर शाफ्टपासून अलग असल्याने डिझेलचे हादरे पाण्यात कमी उतरतात. ही शांतता साधारण 15 नॉटपर्यंतच (ताशी सुमारे 28 किलोमीटर) मिळते. त्याहून वेगवान पाणबुडीमागे जायचं तर टर्बाइन लावावंच लागतं.

एफडीआय (‘अमिराल रोनार्क’चा वर्ग) 122 मीटर, सुमारे 4,500 टन. चार डिझेल इंजिनं, मिळून तेवढेच 32 मेगावॅट, गिअरबॉक्समार्गे शाफ्टला जोडलेली. मांडणी सुटसुटीत आहे, पण मोटारींवर चालण्याची सोय नाही.

सोनारात मात्र फारसं डावं-उजवं नाही. दोन्हींवर कॅप्टास-4 आहे, एफडीआयवर त्याची आटोपशीर आवृत्ती. मागे ओढला जाणारा हा सोनार हवा तितका खोल सोडता येतो. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राचा वरचा थर तापतो, ध्वनी खाली वळतो आणि जहाजाच्या तळातल्या सोनारापासून पाणबुडी लपते; तेव्हा हाच कामी येतो. उथळ पाण्यात, बेटांच्या दाटीत तो ओढणं अवघड.

हेलिकॉप्टरशिवाय दोन्ही अपुऱ्या आहेत. सोनारचा पल्ला कित्येक दहा किलोमीटर, तर जहाजावरून सोडलेला एमयू-90 टॉर्पेडो पूर्ण वेगात दहा-बारा किलोमीटरचा. मधलं अंतर हेलिकॉप्टरच भरून काढतं. हवामानामुळे ते उडालं नाही तर पाणबुडी सापडूनही हाती लागत नाही. फ्रेम ही इटलीसोबतची संयुक्त रचना; इटालियन फ्रेमच्या पाणबुडीविरोधी आवृत्तीत मिलास हे टॉर्पेडोवाहू क्षेपणास्त्र आहे. हा पर्याय फ्रेंचांनी घेतला नाही याची खंत वाटते.

हवाई धोकाही मोठा असेल तर पारडं फिरतं. फ्रेमचं हेराक्लेस रडार फिरतं. एफडीआयचे सी फायरचे चार स्थिर फलक चहूकडे एकाच वेळी पाहतात. पाणबुडीविरोधी फ्रेमवर 16 कमी पल्ल्याची विमानविरोधी अ‍ॅस्टर-15 क्षेपणास्त्रं, तर ग्रीसने 2022 मध्ये मागवलेल्या एफडीआयवर जास्त पल्ल्याच्या अ‍ॅस्टर-30 साठी 32 नळ्या.

अटलांटिकसारख्या खुल्या समुद्रात दीर्घ पाठलाग करायचा तर फ्रेम घ्यावी. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रासारख्या अरुंद, विमानांच्या पल्ल्यातल्या पाण्यात एफडीआय बरी. मात्र सोनार ओढत असतानाच्या आवाजाची चाचणी, वेगवेगळ्या वेगांना, करारातच लिहून घ्यावी.