काळ्या मातीतले मडफ्लॅप : नऊ महिन्यांचा अनुभव

मी इंदूरला राहतो. माझ्या फोर बाय फोर जीपला मूळच्या मापापेक्षा रुंद टायर बसवल्यापासून ते मडगार्डच्या बाहेर डोकावू लागले आणि उडणाऱ्या खडीने दारांखालचा रंग ठिकठिकाणी निघाला, म्हणून मे महिन्यात मडफ्लॅप, म्हणजे चाकांमागे लटकणारे, चिखल आणि खडी अडवणारे पडदे, घ्यायचे ठरवले. जितके जाड तितके टिकाऊ, अशी त्या वेळी माझी समजूत होती. त्यामुळे आत कापडाचे थर असलेल्या, आठ मिलिमीटर जाडीच्या रबराचे फ्लॅप कापून घेतले आणि ते अभिमानाने मिरवलेही.

जूनमध्ये इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या बाजूला एका दगडाळ चढावरून गाडी मागे घेत असताना मागच्या फ्लॅपची खालची कड टायर आणि दगड यांच्यात सापडली. गाडी पुढे जाताना फ्लॅप मागे झुकून सुटतो, पण मागे येताना टायर त्यालाच खाली ओढतो, हे मला तेव्हा नीट उमगले. रबराला ओरखडाही उठला नाही, मात्र मडगार्डचा पत्रा वाकला आणि डेंटिंगचा खर्च फ्लॅपच्या किमतीहून अधिक झाला.

त्यानंतर चार मिलिमीटर जाडीचे पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचे) फ्लॅप लावले, आणि तेच आजही गाडीला आहेत. ते सहज दुमडतात आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होतात. पावसाळ्यात त्यांना वेगळाच त्रास झाला. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि टायर व फ्लॅप यांच्या मधल्या फटीत थरावर थर साचत जाते. इंदूरजवळच्या चोरल गावच्या शेतवाटेवरून परतलो, तेव्हा प्रत्येक फ्लॅपला कित्येक किलोंचा गोळा लटकला होता. त्या वजनाने डावीकडच्या फ्लॅपची दोन छिद्रे फाटली. पॉलियुरेथेनचा यात दोष नव्हता. बोल्टांखाली मी लहान वायसर घातले होते, त्यामुळे सगळा ताण छिद्रांच्या कडांवर आला.

दुरुस्ती घरीच केली. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला तीन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडले, फाटलेल्या कडेच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची सलग पट्टी लावली आणि तिच्यातून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट नायलॉक नटांनी (आत नायलॉनची कडी असलेल्या, सहज सैल न होणाऱ्या नटांनी) कसले. पत्र्यातल्या छिद्रांना आधी प्रायमर लावला, अन्यथा गंज तिथूनच सुरू होतो. नट फार आवळू नयेत, कारण मऊ फ्लॅप पट्टीखाली दबून बाहेर सरकतो. त्याआधी चीर नुसती गोंदाने चिकटवून पाहिली होती. ती दुसऱ्याच धुण्यात सुटली.

मापाबाबत एक सूचना करावीशी वाटते. पुढचा फ्लॅप पक्का करण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवावे आणि एक चाक दगडावर चढवूनही टायर कुठे घासतो ते पाहावे. मला आतला कोपरा तिरपा कापावा लागला.

मागच्या फ्लॅपच्या खालच्या कडेला छिद्र पाडून दोरी बांधली आहे. दगडाळ वाटेवर तिने फ्लॅप वर खेचून ठेवतो. डांबरी रस्त्याला लागताच तो खाली सोडायचा असतो. एकदा ते विसरलो आणि मागून येणाऱ्या मित्राच्या काचेवर खडा बसला. त्या काचेचे पैसे मीच दिले.