पुण्याहून चेन्नई: ‘पार्ट लोड’ने घर हलवलं, त्याला सात महिने झाले

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चिंचवडहून चेन्नईजवळच्या तांबरमला राहायला आलो. नवऱ्याची बदली चाकणच्या कारखान्यातून ओरगडमला झाली होती. घरात आम्ही दोघं, दुसरीत जाणारी लेक आणि सोळा महिन्यांचा मुलगा. सामानासाठी मूव्हर्स-पॅकर्सची पार्ट लोड सेवा घेतली. सामान उतरलं त्याच दिवशी हे लिहायला बसले असते तर नुसता राग कागदावर उतरला असता. काही नुकसान तर दिसायलाच तीन महिने लागले. आता लिहिते, कारण लहान मुलांसह परराज्यात जाणाऱ्या कुणाला तरी याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

पार्ट लोड म्हणजे एकाच ट्रकमध्ये तीन-चार घरांचं सामान. पूर्ण गाडीचा भाव ७२ हजार सांगितला होता, पार्ट लोडचा ४१ हजार. बदलीच्या महिन्यात नव्या घराचं डिपॉझिट, रेल्वेची तिकिटं, शाळेची फी असं सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून ३१ हजारांचा फरक आम्हाला मोठा वाटला. ‘चार ते पाच दिवसांत पोचेल’ हे तोंडी सांगितलं गेलं आणि आम्ही ते लिहून घेतलं नाही.

सामान तेराव्या दिवशी आलं.

रस्ता अवघड आहे म्हणून उशीर झाला असं नाही. पुण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट चेन्नईला येतो. अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. पण पार्ट लोडचं सामान सलग येत नाही. आमचं सामान बंगळूरच्या एका गोदामात उतरवलं आणि चेन्नईकडची दुसरी गाडी भरेपर्यंत आठ दिवस तिथेच पडून राहिलं. सामान तिथे उतरवलंय हे मला सातव्या दिवशी ड्रायव्हरकडून कळलं, तेही त्याचा नंबर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, होता म्हणून. ऑफिसातून रोज एकच उत्तर मिळायचं, ‘मॅडम, गाडी रस्त्यात आहे.’ तुम्हाला पार्ट लोडच घ्यावं लागलं तर दोनच गोष्टी विचारा. सामान वाटेत दुसऱ्या गाडीत चढवणार का? आणि पोचायची शेवटची तारीख बिल्टीवर लिहून देणार का?

हे तेरा दिवस आमच्या चौघांसाठी सारखे नव्हते. मोठी माणसं चटईवर झोपतात, बाहेरून डबा आणून खातात. लेकीला तर रिकाम्या खोल्यांत आवाज घुमतो याचीच मजा वाटत होती. मुलाचं मात्र सगळं बिनसलं. तो जन्मापासून झोळीत झोपलेला. झोळी, तिची स्प्रिंग, हूक सगळं ट्रकमध्ये. ‘दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून मीच तिसऱ्या खोक्यात भरलं होतं. पहिल्या तीन रात्री तो दोन वाजेपर्यंत रडला. उकाडा असा की फरशीसुद्धा कोमट लागायची. चौथ्या रात्री शेजारच्या आजी दार वाजवून आत आल्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमीळ येत नव्हतं. त्यांनी छताकडे बोट दाखवलं. हॉलच्या छताला एक लोखंडी कडी होती, आमचं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्या घरी जाऊन एक जुनी सुती साडी आणि दोर घेऊन आल्या, नवऱ्याला स्टुलावर चढवलं आणि दहा मिनिटांत झोळी तयार झाली. इथे तिला ‘तूळी’ म्हणतात आणि पुष्कळ घरांत तिच्यासाठी छताला अशी कडी असते. मुलगा पाच मिनिटांत झोपला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तीन दिवसांचं साचलेलं होतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की ट्रकमध्ये काय द्यायचं हे खोक्यांच्या मापावरून नको, मुलांच्या पुढच्या पंधरा दिवसांवरून ठरवा. झोळी, एक छोटा कुकर, इंडक्शन शेगडी, मुलाची वाटी-चमचा, तापाचं औषध, थर्मामीटर, दोन चादरी आणि लेकीचं रंगांचं दप्तर एवढं रेल्वेत आमच्याबरोबर सहज मावलं असतं.

कागदपत्रांची फाइल हा याहून गंभीर प्रकार. मी मुलाला भरवत होते तेव्हा पॅकिंगवाल्यांनी कपाटाचा खण जसाच्या तसा खोक्यात रिकामा केला. त्यात लसीकरणाचं कार्ड होतं आणि लेकीच्या जन्मदाखल्याची मूळ प्रतही. सहाव्या दिवशी मुलाला ताप आला. डॉक्टरांनी कार्ड मागितलं, कारण त्याचा दीड वर्षाच्या आसपासचा बूस्टर द्यायचा होता. माझ्याकडे मोबाइलमध्ये फक्त पहिल्या पानाचा फोटो. चिंचवडच्या दवाखान्यात फोन केला, त्यांनी त्यांच्या नोंदीतून तारखा पाठवल्या, म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, डोस थोडा लांबला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. तेव्हा जिवात जीव आला. कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि कार्ड स्वतःच्या पर्समध्ये ठेवा.

शाळेचा घोळ तारखांचा होता. इथल्या शाळा जूनच्या सुरुवातीला उघडतात. आमची पुण्याची शाळा उघडणार जूनच्या मध्यावर, आणि मे महिन्यात ऑफिसातले क्लार्क सुट्टीवर. शाळा सोडल्याचा दाखला मी एप्रिलमध्येच मागायला हवा होता. बदलीचं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हातात होतं, म्हणजे वेळ होता. शिवाय नुसता कागद पुरत नाही. यूडायस या विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेने मुलीला आपल्या पटावरून सोडलं, तरच नव्या शाळेला ती आपल्याकडे घेता येते. दाखला कुरियरने आला तरी हे बाकी होतं, त्यात आणखी नऊ दिवस गेले. नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तोवर तिला वर्गात बसू दिलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळेत तमीळ शिकावंच लागतं. लेकीच्या वर्गातली मुलं पहिलीत एक वर्ष तमीळ शिकून आलेली, हिची सुरुवात अक्षरओळखीपासून. देवनागरी येणाऱ्या मुलाला इथे वेगळीच अडचण येते. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर आहे, उच्चार जागेवरून ठरतो. ती रोज विचारायची, ‘आई, मग यातला ग कुठला?’ मला उत्तर येत नव्हतं. चौथ्या महिन्यात ती रिक्षांवरच्या पाट्या वाचायला लागली. आता भाजीवाल्याशी तीच बोलते आणि नको असेल तर घरातही ‘वेण्डाम’ म्हणते. मुलं शिकतील म्हणून निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही. पहिले दोन महिने ती डब्याच्या सुट्टीत एकटी बसायची आणि ते मला खूप उशिरा कळलं.

आता पुन्हा सामानाकडे. तेराव्या दिवशी गाडी दारात आली आणि माल उतरवायच्या आधी ५,५०० रुपये जास्तीचे मागितले. त्यातले २,००० जिन्याचे, बाकी ‘बॉर्डर एंट्री टॅक्स’. जिन्याचे आम्ही दिले, लिफ्टमध्ये पलंग मावत नव्हता हे खरं होतं. टॅक्सची पावती मागितली, ती नव्हती. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके बंद झाले आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवानासुद्धा लागत नाही. नवऱ्याला हे कारखान्याच्या कामामुळे माहीत होतं. त्याने शांतपणे सांगितलं आणि मागणी सुटली. माहीत नसतं तर दारात सामानाची गाडी, कडेवर मूल आणि समोर पाच माणसं असताना आम्ही निमूट पैसे दिले असते.

विम्याचं मात्र आम्ही फसलो. सामानाची किंमत ३ लाख धरून ३ टक्क्यांनी ९ हजार रुपये ‘इन्शुरन्स’ म्हणून घेतले होते. प्रत्यक्षात कुठल्याही विमा कंपनीची पॉलिसी काढलीच नव्हती. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं. विम्याचे पैसे देताना कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि स्वतःचं नाव असलेला कागद गाडी सुटायच्या आधी हातात घ्या. तुटलं काय? काचेच्या बरण्या, आरसा, पलंगाचा एक पाय. पलंगाच्या नटबोल्टची पिशवी हरवली, त्यासाठी सुतार शोधण्यात आठवडा गेला. ती पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटपट्टीने बांधायला हवी होती.

सगळ्यात महाग पडलं वॉशिंग मशीन. समोरून कपडे घालायच्या मशीनचं ड्रम आत लोंबतं असतं. हलवताना ते जखडून ठेवायला मागून चार ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. नवं मशीन बसवताना मेकॅनिक ते काढून आपल्या हातात देतो. आमचे बोल्ट स्वयंपाकघराच्या खणात होते आणि त्याच ट्रकमधून मशीनशेजारी, पण वेगळ्या खोक्यात आले. पॅकिंगवाल्यांनी विचारलं नाही, आम्हाला सुचलं नाही. सुरुवातीला नुसता थोडा आवाज यायचा. ऑगस्टच्या शेवटी मशीन स्पिनच्या वेळी जागेवरून सरकायला लागलं. शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि बेअरिंग गेले होते, खर्च ६,८००. मूव्हर्सची तक्रारीची मुदत सात दिवस.

गॅसचंही सांगायला हवं, कारण ते धोक्याचं आहे. चिंचवडला आमच्याकडे पाइपचा गॅस होता, इथे सिलिंडर. पाइपच्या गॅसच्या शेगडीचे जेट मोठ्या भोकाचे असतात. तीच शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत उंच आणि पिवळी येते. शेगडी जोडली त्या दिवशी भांडं काळं झालं तेव्हा मी शेगडी लगेच बंद केली. मेकॅनिकने ३५० रुपयांत जेट बदलून दिले. जेट बदलल्याशिवाय शेगडी पेटवूच नका.

घराबाबत एकच सांगते. इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. घर मेमध्ये बघितलं तर सगळीकडे कोरडंच दिसतं. तांबरमजवळच्या मुडिचूर भागात एक स्वस्त घर आम्हाला आवडलं होतं. नवऱ्याच्या सहकाऱ्याने खालच्या दुकानदाराला विचारायला लावलं, ‘२०१५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?’ त्याने भिंतीवर छातीएवढी खूण दाखवली. आम्ही ते घर सोडलं.

पार्ट लोड सेवेला पाचपैकी दीड गुण देईन, ते उतरवणाऱ्या मुलांच्या मेहनतीसाठी. वाचलेल्या ३१ हजारांतून तेरा दिवसांचं बाहेरचं खाणं, मशीनची दुरुस्ती, सुतार, जिन्याचे पैसे वजा केले तर हाती फारसं उरलं नाही. मुलाच्या त्या तीन रात्रींची किंमत मी लावत नाही. पुन्हा वेळ आली तर निम्मं फर्निचर विकून छोटी, पण पूर्ण आमची गाडी घेईन.

विम्याच्या पैशांबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली होती. सात आठवड्यांनी ९ हजार परत आले. दुरुस्तीचे मिळाले नाहीत. आता उरलीय ती ट्रकमधून आलेली स्कूटर. परराज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आमचं स्कूटरचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं, पण आरसी बुकवरचा बँकेचा बोजा आम्ही उतरवलाच नव्हता. तो आता उतरवायचा आहे. बँकेचं पत्र मिळालंय. फेब्रुवारीत चार दिवस चिंचवडला जाऊ तेव्हा ते काम आधी करायचं आहे. या वेळी सगळे मूळ कागद माझ्याच पर्समध्ये असतील.